हर्णेच्या विहिरीतली खाण

हर्णे बंदराजवळ राहणाऱ्या गुणवंतीबायच्या विहिरीचे पाणी खारट झाले, ही बाब सरकारी कचेरीने अत्यंत तातडीने, म्हणजे वर्षभरातच, मनावर घेतली. पाहणीला भूशास्त्र शिकलेली कंत्राटी सहायक नेत्रा आली.

"गो बाय, चहा पिऊन बघ," गुणवंतीबाय म्हणाली. "सुके बोंबील उकळलेत असा वाटेल."

नेत्राने एक घोट गिळला आणि शेजारच्या रिसॉर्टच्या बोअरवेल पाहिल्या. गोडे पाणी बेसुमार उपसले की त्याच्या जागी समुद्र आत सरकतो. "बोअर बंद करा, विहीर सुधारेल," तिने कचेरीत परतून आपल्या वरिष्ठांना, महिपतसाहेबांना सांगितले.

"रिसॉर्ट कुणाचं आहे, ठाऊक आहे ना? दुसरं कारण शोधा. जमिनीखाली मिठाचे साठे असतात म्हणे?"

"असतात. प्राचीन समुद्र आटले की थर साचतात. रासायनिक कारखाने त्यावर चालतात, मिठातल्या पोकळ्यांत तेलही साठवतात. पण आपल्याखाली लाव्हाचा काळा दगड आहे, साहेब."

साहेबांनी 'पण'पर्यंतच ऐकले होते.

आठवड्यात विहीर मिठाचा साठा म्हणून जाहीर झाली आणि तिला कुंपण पडले. खनिज सरकारचे, त्यामुळे गुणवंतीबायची कळशी अवैध उत्खननाचे साधन ठरली. साठ्याच्या संवर्धनासाठी रिसॉर्टला आणखी एक बोअर मंजूर झाली.

"म्हंजे मी इतकी वर्सं खनिजानं लुगडी धुतली?" गुणवंतीबायने विचारले. साहेबांनी दंड माफ केला.

पावसाळ्यात रिसॉर्ट बंद, बोअर बंद. विहीर गोडी झाली. कचेरीत हाहाकार उडाला. राष्ट्रीय साठा घटत होता! महिपतसाहेबांनी बाजारातून मिठाच्या गोण्या मागवून विहिरीत ओतल्या.

"साहेब, लोक पितात ते!"

"पीत होते. तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय ना?"

नेत्राने अहवालात लिहिले: 'साठा स्थिर.'

आता गुणवंतीबाय घाटी चढून दुसऱ्या वाडीतून पाणी आणते. वाटेत नेत्रा भेटली, तर कळशी न उतरवता एवढेच म्हणाली, "शिकलीस, बरा झाला गो."

विहिरीचे पाणी आटवून काढलेले मीठ 'कोकणी पाषाणलवण, उपासाला चालते' म्हणून महामार्गावर विकले जाते. मागच्या एकादशीला तुमच्या भगरीत तेच होते. पाहुण्यांना तुम्हीच नाही का म्हणालात, "साध्या मिठाला ही चव नाही हो!"