लायलपंतांनी दोन स्वर उतरविले, त्याची हकीकत

श्रीनादब्रह्म प्रसन्न. आधी दंडवत गणरायास, मग शारदेस, मग कीर्तनीं बुवांचे पाठीमागे उभे राहून जे ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरितात आणि ज्यांचे नांव हस्तपत्रकी कोणी छापीत नाही, त्या समस्त झिलकऱ्यांस. श्रोतेजनी पुसिले की, समुद्रापलीकडे पश्चिमखंडी चौघांनी गिटारी आणि ड्रम घेऊन दौलत उभारिली, ती कैशी वाढली आणि फुटता फुटता कैशी राहिली, तें यथास्थित सांगावे. त्यावरून लिहिले आहे. चित्त देऊन ऐकिले पाहिजे.

शके १९११, शुक्लनाम संवत्सरी, त्या खंडाचे मध्यभागी, मक्याच्या मुलुखांत, एका रुंद नदीचे कांठी, धान्याचे रिकाम्या गोदामांत चौघे जण जमले आणि त्यांणी आपले राज्य मांडिले. राज्य तें काय? तख्त लांकडी खोक्याचे आणि फौज चार माणसांची. मुख्य कॉर्बिनराव, वय बावीस, गळ्याचे धनी. वाद्य हातीं धरीत नसत, माइक तेवढा धरीत. गिटारीवर डोरीनबाई, हाताच्या डावऱ्या आणि जिभेच्या तिखट. ड्रमवर टकरजी, त्यांचे बोलणे थोडे आणि जेवण बहुत. आणि चौथे लायलपंत, त्यांजकडे बेस, म्हणजे चार जाड तारांची खर्जाची गिटार, जी वाजत असतां कोणाचे लक्ष जात नाही आणि थांबली म्हणजे सर्वांस कांही हरपल्यासारखे होते. लायलपंत आणि कॉर्बिनराव शेजारी शेजारी वाढले, आणि लहानपणी प्रार्थनामंदिरांत एका बाकावर उभे राहून गात, कॉर्बिनराव वरचे स्वरांत आणि लायलपंत खालचे स्वरांत, तीच रीत पुढे चालली. दुसरी रीत ऐसी की, चौघांत कान तयार एका लायलपंतांचा, म्हणोन सर्व वाद्ये जुळवावीं तीं त्यांणींच, आणि त्यांणी जुळविलीं तीं इतरांनी डोळे मिटून वाजवावीं. पंचवीस वर्षांत कोणी शंका घेतली नाही.

त्या काळी त्या देशी मोठमोठी राज्ये होतीं, ज्यांचे सरदार चकचकीत वस्त्रे लेऊन आणि केंस फुगवून मंचावर येत. या चौघांचा पंथ निराळा. अंगावर घरचेच कपडे, ओठांवर मनांतलेच बोलणे, तें मात्र छप्पर उडेल ऐशा आवाजाने. मग एक जुनी गाडी घेतली, तिचे एक दार दोरीने बांधिलेले, आणि गांवोगांव मोहिमा केल्या. कोठे श्रोते सात, कोठे अकरा, एके ठिकाणी तर केवळ दुकानदार आणि त्याचा कुत्रा. तेव्हां डोरीनबाई बोलिल्या, "कुत्रा बसून राहिला, एवढी तरी फत्ते म्हणा." मग शके १९१४ अंगिरानाम संवत्सरी कॉर्बिनरावांनी नदीचे गाणे रचिले, त्याचे ध्रुपद ऐसे की, धाकटा भाऊ पैलतीरीं उभा आहे, त्यास थोरल्याने हांक घालावी आणि ती हांक गळा जाईल तितकी उंच जावी. तें गाणे रेडिओवर गेले, आणि मग काय सांगावे, एका उन्हाळ्यांत त्या देशांतील प्रत्येक घरांत, गाडींत, न्हाव्याचे दुकानांत तीच हांक. मोठ्या दरबाराने, म्हणजे ज्यांचा व्यापार गाणी तबकडीवर उतरवून विकण्याचा त्यांणी, यांस सन्मानाने बोलाविले, आणि पन्नास पन्नास हजार माणसांपुढे यांच्या स्वाऱ्या झाल्या. कॉर्बिनरावांनी हांक घातली म्हणजे लोक डोळे पुशीत. लायलपंत मागे उभे राहून खर्ज धरीत, त्यांस कोणी ओळखीत नसे, आणि ते तृप्त असत.

पुढे शके १९१९ ईश्वरनाम संवत्सरी विघ्न आले. दरबारच्या कारभाऱ्यांनी नव्या तबकडीवरील कॉर्बिनरावांचे गाणे यंत्रांत घालून, जेथे सूर किंचित हालत होता तेथे तो सरळ करून टाकिला, आणि विचारिले नाही. कॉर्बिनरावांनी ऐकिले आणि उठून उभे राहिले. बोलिले, "माझा गळा फाटका असेल तर फाटका ऐकवा. माझे माघारीं शिवला कोणी?" कारभारी हंसून बोलिले, "अहो, बरा तर शिवला आहे." कॉर्बिनराव टोपी उचलून दाराबाहेर गेले, ते पुन्हा त्या दरबारीं कधी गेले नाहीत, आणि स्वतःची कोणतीही तबकडी त्यांणी पुढे कधी ऐकिली नाही. दौलत एका दिवसांत लहान झाली. मग लहान दिवाणखाने, थोडे परंतु निष्ठेचे लोक, आणि पुन्हा तीच दोरीने दार बांधिलेली गाडी. डोरीनबाई कुरकुरल्या, टकरजी जेवले, आणि लायलपंत बोलिले, "बरे झाले. तेथे फार लांबून वाजवावे लागत होते."

ऐशी तेरा वर्षे गेलीं. शके १९३२ विकृतिनाम संवत्सरी कॉर्बिनरावांचे कंठांत गांठ आली. वैद्यांनी ती काढिली, सहा महिने मौन सांगितले, तें त्यांणी पाळिले, पाटीवर लिहून भांडत. मग आवाज आला, गोड आला, परंतु हांकेची जी वरची पायरी तेथे गळा जाऊन थांबे आणि फुटे. कॉर्बिनराव लायलपंतांस बोलिले, "पंत, एक महिना पाहतो. हांक जेथली तेथे लागली नाही, तर गाणे ठेवून दिले. उतरून गाणारा म्हातारा मला व्हायचे नाही." लायलपंतांस ठाऊक होते की हा माणूस बोलतो तें करितो. त्यांणी याचे दुसरे जगणे कधी पाहिले नव्हते. बायको सोडून गेलेली, घरांत चारच भांडीं, आणि गाण्याचा दिवस नसला म्हणजे हा दुपारपर्यंत खिडकीशी बसून राही. मग लायलपंतांनी मसलत केली. गोदामांत डोरीनबाईंस एकटे गांठून म्हणितले, "मी सर्व तारा अर्धा स्वर उतरवितो. गाणेच तितके खाली येईल आणि त्याची हांक पोंचेल. तूं वाजवतेस तैसीच वाजव. त्याला कळणार नाही." डोरीनबाईंनी गिटार मांडीवरून खाली ठेविली. "दरबाराने केले तें हेंच नव्हे काय रे?" लायलपंत बोलिले, "त्यांणी त्याचा गळा बदलला. मी माझ्या तारा बदलतो." "ही वकिली त्याचे तोंडावर करशील?" "नाही." "कां?" "तो टोपी उचलील म्हणोन." मग डोरीनबाई गिटार पुन्हा मांडीवर घेऊन बोलिल्या, "उतरव. परंतु तो उठून गेला, तर मी रडणार नाही, तुला मारीन."

तारा उतरल्या. दुसरे दिवशीं कॉर्बिनरावांनी हांक घातली आणि ती लागली. टकरजींचे हातून काठी पडली. कॉर्बिनराव कोपऱ्यांत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हालत होते. त्या आठवड्यापासून ते प्रार्थनामंदिरीं जाऊं लागले, जेथे वीस वर्षे पाऊल ठेविले नव्हते, आणि दर रविवारी जात. लायलपंतांस सांगत, "कृपा झाली रे. परत दिले त्याने." लायलपंतांचे तोंडचा घांस तोंडांत राही. मग एक वर्षाने पुन्हा गळा ओढूं लागला, लायलपंतांनी आणखी अर्धा उतरविला. आणि पुढील वर्षी अर्धा. आणि त्यापुढील वर्षी अर्धा. ऐसे दोन स्वर झाले. दर उतरणीस लायलपंतांचे मनांत ऐसे येई की आज सांगावे, आणि तों कॉर्बिनराव सोमवारी हंसतमुख येऊन म्हणत, "पंत, काल मंदिरांत म्हातारे पाद्रीबुवा विचारीत होते, गळ्यास काय लावितोस," आणि सांगणे राही.

शके १९३६ जयनाम संवत्सरी, राज्य मांडिल्यास पंचवीस वर्षे जाहलीं म्हणोन, त्याच नदीकांठच्या गांवाने आपले शेतकी जत्रेंत या चौघांस बोलाविले. दुपारची वेळ, ऊन कडक, पुढे चार पांच हजार माणूस, मक्याच्या कणसांचा वास, आणि दूर पाळण्यांत पोरे ओरडत. पांच गाणी उत्तम झालीं. मग नदीचे गाणे घ्यावे ऐसे म्हणतां वीज गेली. स्पीकर मुके, माइक मुका. त्या देशी वीज जाणे म्हणजे ग्रहण लागल्यासारखे, कोणास कांही सुचेना. तों पुढले रांगेंतील एका बाईने स्वतःच गाणे सुरू केले, तिच्यामागून दहांनी, मग शंभरांनी, मग साऱ्या मैदानाने. आणि लोकांचे कानांत वीस वर्षे तबकडी बसलेली, म्हणोन त्यांणी तें धरिले तें मूळचे पट्टीत, हालविले तरी न हालणाऱ्या. कॉर्बिनराव आनंदाने मंचाचे कडेस आले, हात पसरिले, आणि हांकेची जागा आली तेव्हां लोकांबरोबर हांक घातली. ती फुटली. त्यांणी घसा साफ केला आणि दुसरे वेळीं घातली, तीही फुटली. काल लागत होती, परवां लागत होती. तितक्यांत वीज आली, आणि डोरीनबाईंचा हात संवयीने तारांवर पडला, आणि पांच हजार माणसांचे गाण्याखाली दोन स्वर उतरलेली गिटार ऐशी वाजली की दुधांत मीठ पडावे. लायलपंतांनी धांवत जाऊन आपले पंजाने तिच्या तारा दाबिल्या. लोक गातच राहिले. कॉर्बिनराव वळले.

ते लायलपंतांपुढे येऊन उभे राहिले. "किती?"

"दोन."

"कधीपासून?"

"चार वर्षे."

कॉर्बिनरावांनी पुसिले, "मग मी दर रविवारी आभार कशाचे मानीत होतो?" टकरजी ड्रमांमागून बोलिले, "मला कोणी सांगितले नव्हते. परंतु मला पहिले दिवशींच कळले. तारा उतरल्या तसतसे मीही ड्रम सैल करीत गेलो, शोभावे म्हणोन." कॉर्बिनरावांनी त्यांजकडे पाहिले, डोरीनबाईंकडे पाहिले, डोरीनबाईंनी मान खाली घातली, आणि मग कॉर्बिनरावांनी टोपी उचलून डोक्यावर घातली आणि मंचाच्या पायऱ्या उतरून गर्दीत शिरले. लायलपंतांस ती टोपी दिसत राहिली, माणसांतून वाट काढीत जत्रेच्या दरवाजाकडे जाणारी, आणि दरबाराचे दार त्यांस आठवले. डोरीनबाई बोलिल्या, "मारीन तें मागून. लोक उघड्यावर गात आहेत, त्यांचे खाली कांही तरी धर." मग लायलपंत बेस कानाशी घेऊन, लोकांचा सूर ऐकत, एकेक तार पिळीत वर नेऊं लागले. चार वर्षे उतरविलेले चार तारांवर चढवावयाचे. डोळ्यांपुढे खुंट्या दिसत नव्हत्या, परंतु कान दगा देणारा नव्हता. चौथी तार बसली आणि त्यांणी खर्ज लाविला, आणि मैदानाखाली जमीन आली.

पुढे काय झाले तें कॉर्बिनरावांनीच मागाहून सांगितले. दरवाजाशी कणसे भाजणारी एक जाडजूड बाई होती, ती दोहों हातांनी कणसे फिरवीत मोठ्याने आणि वाईट गात होती. टोपीमुळे तिने यांस ओळखिले नाही. ती बोलिली, "काय हो, तोंड पाडून कोठे निघालांत? गा की."

कॉर्बिनराव बोलिले, "वर जात नाही."

"मग खाली गा. वर जायला हीं इतकीं माणसे मेलीं आहेत काय?"

असे म्हणून तिने यांचे हातीं एक कणीस ठेविले आणि पुन्हा गाऊं लागली. तेथे कॉर्बिनराव उभे राहिले. लहानपणापासून शेजारून जे ऐकत आले होते, तें खालचे अंग त्यांस पाठ होते, कधी गावे लागले नव्हते इतकेच. तें त्यांणी धरिले, प्रथम ओठांत, मग मोकळे. आणि मंचावर उभ्या लायलपंतांस दूरवरून, दरवाजाचे बाजूने, आपलाच भाग दुसऱ्याचे गळ्यांतून येतांना ऐकूं आला. इतक्या माणसांत तो गळा त्यांणी ओळखिला. टोपी परत फिरली होती. गर्दीतून हळूं हळूं येत होती, लोक वाट देत होते, पाठीवर हात ठेवीत होते, आणि हांक येई तेव्हां ती पांच हजार गळे घालीत आणि कॉर्बिनराव तिच्याखाली चालत. ते पायऱ्या चढून लायलपंतांचे शेजारी, मागच्या बाजूस, येऊन उभे राहिले, जेथे ते पंचवीस वर्षांत कधी उभे राहिले नव्हते, आणि गाणे संपेपर्यंत तेथून हालले नाहीत.

गाणे संपले आणि लोकांचा कल्लोळ झाला. त्या कल्लोळांत कॉर्बिनराव लायलपंतांचे कानाशी बोलिले, "तुझा भाग फार सोपा आहे रे. इतकीं वर्षे तूं काम तरी काय केलेस?"

लायलपंत बोलिले, "राग धर. बोल कांही तरी."

"धरिला आहे. घरी जाऊन बोलणार आहे, दोन दिवस पुरेल इतका आहे." मग लोकांकडे हात हालवीत, ओठ न हालवितां बोलिले, "माझे माघारीं मला शिवायचे नाही, कळले? यापुढे पट्टी मी सांगीन."

"सांग."

"आतां पुढले गाणे. पुन्हा दोन स्वर उतरव." लायलपंत वांकून खुंट्या पिळूं लागले, तों कॉर्बिनरावांनी खांद्यावर हात ठेविला. "आणि आणखी अर्धा. गेला महिनाभर वर ओढ पडते आहे. तुला ऐकूं येत नाही काय?"

"येते," लायलपंत बोलिले. "आज उतरविणारच होतो."

येणेप्रमाणे वर्तमान. दौलत पुढे सात वर्षे चालली, मुलूख वाढला नाही, माणूसही तुटले नाही. रविवारचे जाणे कॉर्बिनरावांनी सोडिले नाही, लायलपंतांसही ओढून नेऊं लागले, आणि तेथे दोघे खालचे स्वरांत गात. बुवा थकले म्हणजे ध्रुपद श्रोत्यांनी धरावे, ही चाल आपलेकडे आहे तैशीच त्या खंडीही आहे, इतके कळविण्यास्तव लिहिले. अधिकउणे झाले तें सूरज्ञांनी जुळवून घ्यावे.