वैद्यांच्या मेहनतान्याचे हुकूम आणि हौसा कासारीण

श्रीधन्वंतरी साक्ष. ज्यांच्या डोळ्यांदेखत हे घडले ते एकेक करून गेले, आणि आम्हांस अद्याप सारे लख्ख आठवते, म्हणोन लिहून ठेविले ऐसे जे: शके १६७२ प्रमोदनाम संवत्सरी बाईसाहेब गादीवर बसोन राज्य पाहत होत्या, आणि रयतेच्या औषधपाण्याचा खर्च सरकारातून होत असे, आणि वैद्यांस दर लेपामागे मेहनताना, ऐसी वहिवाट होती. मग वैद्यराज त्र्यंबकभट यांणी लेप लाविले ते ऐसे की, खोकला घेऊन आलेला मनुष्य घोट्यापर्यंत पिवळा होऊन घरी जाई. काय दिवस होते! बारमास सारे शहर हळदीच्या दिवसासारखे दिसे. मग दिवाण बापूजीपंत यांणी हुकूम केला की, लेपास काही नाही. रोगी आपल्या पायांनी वेशीपर्यंत गेला, तरच मेहनताना. मग वैद्यराजांणी फार विचार केला आणि तालमीतले पैलवान दवाखान्यात निजविले. खाटा मोडल्या, परंतु वेशीपर्यंत सगळे धावत गेले.

ऐशा समयी हौसा कासारीण, वय साठ, बांगड्यांच्या माळा घेऊन दारोदार फिरून पोट भरणारी, ती ओट्यावरून पडली आणि मांडीचे हाड मोडले. लेकीने बाजेवर घालून दवाखान्यात आणिली. वैद्यराज लांबूनच बोलिले, "तू काही आता चालत नाहीस. घरी स्वस्थ पडून राहा."

"मी पडून राहिले तर बांगड्या काय आपण चालत जातील? आणि हा गडी कशाने पडला आहे?"

पैलवान लाजून बोलिला, "मावशी, मला उचकी लागली होती."

"कधी?"

"गेल्या बुधवारी."

"मग ऊठ मेल्या, आणि बाज उचल. दरबारात चल."

पैलवानाने बाज उचलिली, आणि दरबारात सर्व हकीकत जाहली, आणि बाईसाहेब तोंडाला पदर लावून फार हसल्या, आणि मग हसू आवरोन पुसिले, "पंत, ऐशा बाईने तुमच्या हुकुमात कोठे जावे?" पंतांणी मान खाली घातली. "चूक जाहली. रोगी गेला कसा ते पाहिले. आला कसा ते पाहिलेच नाही." तेच समयी नवा हुकूम जाहला की, आला कसा आणि गेला कसा, यांतील अंतर पाहोन मेहनताना द्यावा, धावत आला आणि धावत गेला, त्यास शून्य.

शाई वाळली नाही तो वैद्यराज बाजेपाशी हजर. "मावशी, चलावे! खाट मोकळी केली आहे."

"का हो, सकाळी तर मी 'तू' होते!"

मग कामट्या बांधिल्या, आणि तीन महिने तेलपाणी केले. वैद्यराजांचा हात हाडास मूळचा फार चांगला. लेपांच्या घाईत ते स्वतःच विसरले होते. चौथ्या महिनी हौसा काठी टेकीत निघाली, आणि वेशीवर कारकून बोलिला, "वेस आली, बाई. थांबा."

"तुमची आली. माझी गिऱ्हाइके पुढे आहेत."

आणि ती वेशीपार गेली. कारकून मेहनताना हाती धरून उभाच राहिला, आणि वैद्यराज तिच्या मागे ओरडत गेले, "टाच टेकवा, मावशी, टाच!"

सारांश, पैलवान तालमीत गेले, पंत शहाणे जाहले, आणि त्या वर्षी वेशीबाहेरच्या लेकीसुनांचे हात भरलेले राहिले. पाहिले तितके लिहिले.