शेवाळे सरांची तीस घरं

मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर शेवाळे सरांनी नवऱ्यामुलाचं नाव वाचायच्या आधीच विचारलं, "हा पसंत केलात, ठीक. पण समोर आणखी कोण कोण होतं?" नाकारलेली चारही स्थळं मला कारणांसकट त्यांच्या वहीत लिहून द्यावी लागली. एक तर बिचारा नुसता बुटका होता.

सर कॉलेजात अर्थमिती शिकवायचे. म्हणजे आकड्यांचं अर्थशास्त्र; त्यांचा खास विषय, माणसं काय निवडतात आणि का, याचं गणित. "माणूस काय घेतो यावरून कळत नाही, पगारे. काय सोडतो ते विचारा!" भाजीच्या गाडीशी उभे राहून ते बायकांना विचारत, गिलकी का घेतली नाहीत? बायका त्यांना बघून भाजीवाला बदलत.

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतली तीस घरं त्यांनी अभ्यासाला धरली होती. दरवर्षी दिवाळी झाली की तीच घरं, तेच प्रश्न. कामाला बसने जाता की रिक्षाने? आजारपणात सरकारी दवाखाना की खासगी? "कधी हे, कधी ते" म्हटलं की चिडत. "मत देताना दोन बटणं दाबता का?" सर येताना दिसले की मी बायकोला सांगे, आंघोळीला गेलेत म्हण. सर जिन्यात बसून राहत. शेवटी मलाच खरंच आंघोळ करावी लागे.

पुढे कोणी वारलं, कोणी फ्लॅट विकून गेलं. तीसपैकी नऊ घरं उरली. नवी घ्या म्हटलं तर म्हणत, "त्याच माणसाला वर्षानुवर्षं विचारलं, तरच त्याचं काय बदललं ते कळतं. नवा कोणाशी ताडून बघू?"

यंदा माझंही घर जाणार होतं. मुलीजवळ पुण्याला राहायला जायचं ठरलं होतं. ते सांगायला मी सरांची बेल वाजवली. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी. "बरं झालं आलात. लिहा." पहिला फॉर्म त्यांच्या स्वतःच्याच घराचा होता.

शेवटचा प्रश्न मी वाचला. "गेल्या महिन्यात नुसतं बसायला किती जण आले?"

"शून्य."

मागचे फॉर्म चाळले. सरांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून, बारा वर्षं, तिथे शून्यच होतं.

"सर, आज मी आलोय की."

"तुम्ही काहीतरी सांगायला आलात. आवाजावरून कळतं. ते धरत नाहीत."

मला पुण्याचं सांगवेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "एवढ्या शून्यांचं गणितात काय होतं?"

"काही नाही. यंदाच्यातून गेल्या वर्षीचं वजा करतो ना आपण? जे दरवर्षी सारखंच, ते उडून जातं. त्याचा परिणाम मोजताच येत नाही." पट्टी चाचपत म्हणाले, "असतो मात्र."

मग मी सांगून टाकलं. "जा. लेकीजवळ असावं माणसानं," सर म्हणाले. "तो फॉर्म तेवढा पुरा करा."

मी शून्य लिहिलं. लिहिताना भयंकर लाज वाटली. त्यांच्या दारापासून माझं दार सहा पावलांवर आहे.