विहीणबाईंच्या सात खेपा

गोविंदराव माणसं दातांवरून ओळखत. चेहरा त्यांच्या ध्यानात राहतच नसे. आमच्या घराची रस्त्याकडची खोली त्यांनी भाड्याने घेतली त्याला सहा वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या यांना सर्दी झालेली, म्हणून नाकातोंडाला उपरणं गुंडाळून हे मळ्यातून घरी आले. गोविंदराव ओट्यावर बसून कानशीने कवळी घासत होते. वर पाहून म्हणाले, "या, बसा. कोणता दुखून राह्यला?"

यांनी उपरणं खाली ओढलं.

"अरे, तू होय बे! मंग दात झाकून काऊन फिरतं?"

गावातल्या माणसांची नावंही त्यांनी तशीच ठेवली होती. शाळेचे मास्तर म्हणजे 'डावा सुळा'. पोस्टमन म्हणजे 'फट'. कोणी सांगितलं की अमक्याचा बाप वारला, तर ते आठवून आठवून म्हणत, "कोण? तो खालच्या दोन दाढा गेलेला? बिचारा. बाकीचे चांगले होते."

ते डॉक्टर नव्हते. अकोल्याला एका दाताच्या डॉक्टरांच्या हाताखाली बारा वर्षं राहून शिकले होते. लोणारच्या बाजाराला आलेलं कोणी त्यांना डॉक्टरसाहेब म्हणालं, की लगेच सांगत, "डॉक्टर तिकडं अकोल्याले. मी कारागीर." बायको फार पूर्वी गेली होती. कमल नावाची एकच मुलगी, तिला त्यांनीच वाढवलं.

बाईमाणूस दात दाखवायला आलं की त्यांची मला हाक यायची, "वहिनी, जरा बसा." परक्या पुरुषासमोर तोंड उघडायला बायका लाजत. मी मधल्या दाराशी मेथीची टोपली घेऊन बसायची. मी बोलत काहीच नसे. नव्या माणसासमोर माझा आवाजच फुटत नाही. पण ऐकलं सगळं.

लोकांचे प्रश्न तेच ते. शेवटी गोविंदरावांना वीट आला. राज्य नवं झालं होतं, कचेऱ्यांच्या पाट्या नव्याने रंगत होत्या. त्या रंगाऱ्याकडून उरलेला रंग आणून त्यांनी एक लांबलचक फळी रंगवली आणि मला म्हणाले, "वहिनी, तुमचं अक्षर गोल आहे. मी सांगतो, तुम्ही लिहा." मी चौथी शिकलेली. पण लिहिलं.

दात काढल्याने डोळे जातात काय? जात नाहीत. कवळीने भाकरी खाता येते काय? येते, पहिल्या दिवशी नाही. झोपताना कवळी काढावी काय? काढावी, पाण्यात ठेवावी, ते पाणी पिऊ नये. किती खेपा पडतील? तीन. पहिली मापाची, दुसरी मेणावर दात लावून पाहायची, तिसरी बसवायची.

पाटी लागली आणि काम दुप्पट झालं. कारण येणाऱ्यांत वाचता येणारं शंभरात एखादं. गोविंदराव बोट दाखवून म्हणत, "पाटी वाचा." समोरचा म्हणे, "काय लिवलं हाये?" मग ते पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवत. ती संपली की समोरचा म्हणे, "थे समजलं. पण डोळे तर नाई ना जात?"

एकदा जानेफळचे एक म्हातारबा आले. फडक्यात बांधलेली कवळी काढून म्हणाले, "हे माह्या भावाची. तो गेला. जरा घासून मले बसवून द्या."

"दुसऱ्याची चालत नाही, बाबा."

"काऊन नाई? त्याचं धोतर मले येते, त्याचा जोडा मले येते, मंग दात काऊन नाई?"

"पाटी वाचा," गोविंदराव म्हणाले. पण हे पाटीवर नव्हतं. मग मला ती ओळ खाली बारीक अक्षरात वाढवावी लागली.

कोणी विचारायचं, तळ्यातल्या खाराने दात घासले तर बळकट होतात का. "खारानं कपडे धुवा." एक बैलांचे व्यापारी आले, साठीचे. त्यांना दात बगळ्यासारखे पांढरे हवे होते. गोविंदरावांनी आरसा त्यांच्यापुढे धरला. "डोळ्यातलं पांढरं पाहा, शेटजी. दात त्याच्याहून पांढरे झाले की माणूस हसला असं वाटत नाही, दुकान उघडलं असं वाटते." आमच्या आळीतल्या गंगूआजींना कवळी केली, तेव्हा समोरचा एक दात त्यांनी मुद्दाम थोडा तिरपा बसवला. मी बघतच राहिले. म्हणाले, "तिचा तसाच होता. सरळ बसवला तर नातवंडं म्हणतील, हे आजी कोणाची?"

असा हा माणूस. आणि याच माणसाने आपल्या मुलीचं माहेर एका पंगतीत बुडवलं.

कमल दुसरबीडला दिली. घर चांगलं, जावई शांत. लग्नाच्या दिवशी विहिणींची पंगत बसली. गोविंदराव स्वतः लाडू वाढत होते. वरमाईपाशी आले तर त्यांच्या पानातला लाडू तसाच. ते तिथेच उकिडवे बसले आणि भर पंगतीत, अगदी मायेने म्हणाले, "विहीणबाई, खालची कवळी उचलते ना? मापच चुकलं आहे. कोणी बसवली हो ही? लाजू नका, उद्या या, मी नवी करून देतो."

वरमाईंचे दात खोटे आहेत, हे त्यांच्या सख्ख्या जावांनाही तोवर माहीत नव्हतं. एक जाऊ पदरात तोंड घालून खुसखुसली. वरमाई पानावरून उठल्या.

कमल निघताना रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, एक दिवस तरी दात सोडून माणसाकडं पाह्यचं होतं."

त्यानंतर तीन वर्षं ती आली नाही. दिवाळी झाली, नागपंचमी झाली, आखाजी झाली. पत्रांना उत्तर नाही. गोविंदराव एकदा तिला माहेरी आणायला स्वतः मूळ घेऊन दुसरबीडला गेले. त्यांना ओट्यावर चहा मिळाला, कमल बाहेर आली नाही. परत आले ते म्हणाले, "चहा चांगला होता." आणि दोन दिवस दुकान उघडलं नाही. सणाच्या आदल्या दिवशी ते एस.टी. थांब्यावर जाऊन उभे राहत. विचारलं तर सांगत, "पार्सल यायचं आहे अकोल्याहून."

मग एका बाजाराच्या दिवशी एक बाई आल्या. पदर नाकापर्यंत. नाव सांगितलं सरूबाई, गाव सांगितलं सिंदखेडकडचं. म्हणाल्या, "माझ्या एका मैत्रिणीसाठी इचारायला आले. तिची कवळी टोचती."

बोली जालन्याकडे झुकलेली होती. मी मेथी निवडता निवडता वर पाहिलं. लग्नात बायकांत मीही होते, हा आवाज मी तिथे ऐकला होता. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

"मैत्रिणीनं कवळी दिली का संगं?" गोविंदरावांनी विचारलं.

बाईंनी घटकाभर विचार केला. मग पाठ फिरवून पदराआड काहीतरी केलं आणि कवळी पुढे धरली. "ही घ्या. तिचीच हाये." त्यांचे गाल आत गेले होते, शब्दांतून हवा सुटत होती.

गोविंदरावांनी कवळी उलटी केली, सुलटी केली. त्यांना चेहरा ओळखू आला नसता. पण ती खालची उचललेली कड पाहिली आणि त्यांच्या मानेवरची शीर हलली. मला वाटलं, आता बोलतात. बोलले, तर बाई उठतात आणि दार कायमचं लागतं.

"मैत्रिणीले सांगा," ते हळू म्हणाले, "नवीच करावी लागन."

"किती खेपा पडतील?"

"सात."

मी पाटीकडे पाहिलं, त्यांनी पाहिलं नाही. बाई गेल्यावर मी धीर करून म्हटलं, "भाऊजी, तिथं तीन लिहिलं आहे."

"पाटी गावासाठी आहे, वहिनी," ते म्हणाले. मग कानस पुसत, "ओळख दिली तर ते बाई पुन्हा येणार नाही. मंग मले कमलची खबर कोण देईन?"

दुसऱ्या खेपेपासून मैत्रीण आपोआप गळाली आणि बाई स्वतःच स्टुलावर बसू लागल्या. गोविंदरावांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. इतकी वर्षं ते नुसती उत्तरं देत आले होते. आता एक माप घ्यायचं, की दहा प्रश्न.

"घरी भाकरी कोण करते?"

"सून. काऊन?"

"हिरडीवर भार भाकरीचाच येते. जाड करते का पातळ?"

"पातळ. पापुद्रा सुटतो."

गोविंदरावांनी चिटोऱ्यावर 'पातळ, पापुद्रा' असं लिहिलं आणि ते चिटोरं बंडीच्या खिशात ठेवलं. तिसऱ्या खेपेला विचारलं, घरात बोलणंचालणं किती होते, जबड्याची हालचाल समजली पाहिजे. बाई म्हणाल्या, मी बोलते, सून गप असती. "पहिल्यापासूनच गप?" "मला काय म्हाईत. सणासुदीला लई गप." त्या दिवशी मेणातले दात लावताना त्यांनी दोनदा उलटे लावले.

चौथ्या खेपेला त्यांनी पुन्हा भाकरीचं विचारलं.

"आता महिना झाला, मीच थापते," बाई म्हणाल्या. "तिला चुलीपुढं बसवत न्हाई. सकाळी उलट्या व्हतात."

"उलट्या? कोणाले दाखवलं का? वैद्याले दाखवा. अंगात कसर..."

"अवो, कसर कशाची! दिवस गेलेत तिला."

गोविंदराव कवळी घासत होते. घासत राहिले. खिडकीकडे तोंड करून, एकाच दातावर, कानस पुढे आणि मागे. मी खाकरले तेव्हा ते थांबले. पुढचा दात निम्मा झाला होता.

"हा बदलावा लागन," ते म्हणाले. ती पाचवी खेप मात्र खरोखरच लागली.

पाचवी झाली आणि पेरण्या आल्या. दोन महिने बाई आल्या नाहीत. गोविंदराव बाजाराच्या दिवशी प्रत्येक गाडीला थांब्यावर. गिऱ्हाईक ताटकळलेलं असायचं. कोणी विचारलं, डोळे जातात का, तर पाटी न वाचता म्हणायचे, "जातात. वाट पाहून जातात." मग भानावर येऊन, "नाही हो, दातानं नाही जात."

बाई आल्या त्या एकाच महिन्यात दोनदा. सातव्या खेपेला कवळी बसली. गोविंदरावांनी कार्बनचा कागद चाववून पाहिला, कुठे डाग जास्त पडला का. कुठेच नाही. पुन्हा चाववला, पुन्हा बारकाईने पाहिलं. घासायला काही उरलंच नव्हतं. इतकी बेमालूम कवळी मी त्यांच्या हातची पाहिली नाही. बाईंनी भाजलेलं कणीस खाऊन पाहिलं. आरशात पाहिलं. पदर केव्हा खाली आला, ते त्यांनाही कळलं नसावं.

"आता दुखलं तर?"

"दुखणार नाही," गोविंदराव म्हणाले. मग घाईने म्हणाले, "पण दुखलं तर या. न दुखलं तरी..."

बाईंनी आरसा पालथा ठेवला. "एक इचारायचं राह्यलं."

"विचारा."

"सुनेला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करत्यात. पण तिच्या माहेरी बाईमाणूस न्हाई. बाप एकटा. त्यालाबी बोलायची रीत न्हाई. असल्या घरी पोर धाडावी का?"

दुपारची वेळ होती. बाहेर भाजीबाजाराचा गलका चालला होता. गोविंदरावांनी पाटीकडे पाहिलं. हातातली कानस एकदा या हातात, एकदा त्या हातात. ते मान खाली घालून उभे राहिले, आणि मला दिसलं की ते आता नाही म्हणतील. आपण लायक नाही, असं म्हणतील.

"शेजारी मी आहे," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आता सुरुवात झाली होती. "दोन नणंदांची बाळंतपणं मीच केली. सुईणबाई मागच्याच आळीत राहते. गाय आहे घरी. शेक, अंघोळ, सगळं मी करीन."

"आग बया!" बाई म्हणाल्या. "तुला बोलता येतं व्हय? सात खेपा झाल्या, मला वाटलं मुकीच हाये."

त्यांनी पिशवी उचलली, उंबऱ्यापाशी गेल्या. तिथे थांबून मागे न वळता म्हणाल्या, "येत्या बाजाराला धाडते मग. सकाळच्या गाडीनं. थांब्यावर या, व्याही."

आणि गेल्या.

गोविंदराव गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, बुजऱ्या माणसासारखे.

"वहिनी, पहिलटकरणीले काय काय लागते?"

मी सांगितलं. डिंक, खारीक, खोबरं, मऊ जुनी लुगडी.

"डिंक इथला चालन का मेहकरहून आणू?"

"इथला चालतो."

"तिले जिन्याची खोली नको, नाही का? आपल्याकडं जिना नाही, पण ओटा उंच आहे. एक पायरी करून घेऊ का?"

"घ्या."

"बाज कशी लागते? नवाडपट्टीची का सुतळीची?"

"सुतळीची. ताठ विणलेली."

"लेकरू रडलं तर काय करायचं?"

"घ्यायचं."

त्यांनी मान डोलावली. खिशातून चिटोरं काढलं, त्याच्या पाठीवर काहीतरी लिहू लागले, थांबले. वर न पाहता विचारलं, "कमल माह्याशी बोलन का?"

मेथी निवडून संपली होती. मी टोपलीतला पाला गोळा केला, एकेक पान करून.

"आधी सुतळी आणा, भाऊजी," मी म्हणाले. "बाज विणायला तीन दिवस लागतात."