निकाळज्यांचा पिवळा ठिपका

फेब्रुवारीत माझी बायको सुनंदा गेली. जूनमध्ये तिचा कॉम्प्युटर बंद पडला. जुलैमध्ये मुलीने बेंगळुरूहून दुसरा पाठवला, आणि त्या संध्याकाळपासून निकाळजे माझ्या घरी येऊ लागले.

निकाळजे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. संत तुकाराम नगरातल्या आमच्या इमारतीत तुम्ही कधी आलात, तर जिन्याच्या कठड्यावर, मीटरच्या पेटीवर, फाटकाच्या बिजागरीवर शेंगदाण्याएवढे पिवळे ठिपके दिसतील. ते निकाळज्यांचे. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी बोल्ट आवळण्यात काढली. बोल्ट हवा तेवढा आवळला गेला की पान्यातून ‘टक्’ असा आवाज यायचा. मग त्यावर पिवळा ठिपका द्यायचा, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं, हा झालेला आहे. रिटायर झाल्यावर पाना कंपनीत राहिला, ठिपका निकाळज्यांबरोबर घरी आला. आवाजही आला. तो ते आता जिभेने काढतात.

शर्टाच्या खिशात कायम एक स्क्रूड्रायव्हर आणि एक पिवळा मार्कर. एका जागी बसणं त्यांना जमत नाही. खुर्ची दिली तर आधी ती उलटी करून बघतात. गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते; डॉक्टरांनी “कुठे दुखतंय?” विचारलं तेव्हा हे टेबलाखालून म्हणाले, “आधी ह्याचा पाय दुखतोय.” कुणाच्या मुलीचं लग्न ठरतंय असं कळलं की विचारतात, “मग, टक् झालं का?” आणि झालं म्हटलं की खिशाकडे हात जातो.

सुनंदाला नेलं त्या दिवशीही शववाहिनीच्या मागच्या दाराचा एक बोल्ट त्यांनी आवळला. ठिपका दिला. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

नवा कॉम्प्युटर जेवणाच्या डब्याएवढा होता. मॉनिटर मात्र सुनंदाचा जुनाच, चौकोनी, जाड कडांचा. त्यावर ती लोकांचे बायोडेटा, शाळेच्या नोटिसा, लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करून द्यायची. त्याची निळ्या तोंडाची केबल नव्या डब्याला बसेना.

“बसत नाय म्हणजे काय? बसवली की बसती,” म्हणत निकाळज्यांनी जोर लावला. मी त्यांचा हात धरला. मग पिंपरीतल्या एका दुकानातून मध्ये लावायचा कन्व्हर्टर आणला. केबल जोडली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली: आउट ऑफ रेंज.

निकाळजे खूश झाले. “बघा! रेंज नाय म्हणतंय. सर, तुमच्या ह्या खोलीत माझ्या मोबाईललापण रेंज नसती. गॅलरीत घ्या.”

मी नोकरीभर ग्रंथपाल होतो. छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय. मी वायरी धरल्या, त्यांनी मॉनिटर उचलला, आणि आम्ही गॅलरीत गेलो. खाली शिंदेवहिनी भाजी घेत होत्या.

“काय हो निकाळजे, पिक्चर दाखवताय का?”

“रेंज बघतोय, वहिनी!”

“मग गच्चीवर न्या की. तिथं फुल्ल असते.”

निकाळज्यांनी खरोखर जिन्याकडे पाहिलं.

फोनवर मेघना, माझी मुलगी, आधी खूप हसली. “बाबा, ती रेंज वेगळी. तो कॉम्प्युटर जुन्या मॉनिटरला झेपणार नाही एवढं मोठं चित्र पाठवतोय. आधी टीव्हीला जोडा, तिथे चित्र लहान करा, मग मॉनिटरला लावा.”

“म्हणजे ओव्हरलोड,” निकाळजे मागून म्हणाले. “मी तेच म्हणत होतो.”

ते असलं काही म्हणत नव्हते. पण मेघनाने सांगितलं तसं केलं आणि पडदा उजळला. निकाळजे मॉनिटरच्या मागे गेले, तिथून ‘टक्’ ऐकू आलं. मग पुढे येऊन, मार्कर हातात घेऊन ते जागा शोधू लागले आणि थबकले. मॉनिटरच्या उजव्या कडेवर लाल टिकल्यांची रांग आहे.

“हे मार्किंग कुणाचं? लाल म्हणजे आमच्यात रिजेक्ट.”

“सुनंदाच्या टिकल्या आहेत,” मी म्हणालो. “काम करताना कपाळाला घाम आला की काढून तिथे लावायची.”

त्यांचे हात थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले. त्यांनी मार्करला टोपण लावलं. “मग हा माल आपण पास करायचा, सर. काही झालं तरी.”

पण माल पास होईना. दोन-चार दिवस बरे जायचे, मग लिहिता लिहिता अख्खा पडदा पिवळा व्हायचा, किंवा अंधार. मी वर हाक मारायचो. निकाळजे अर्धा चहा टाकून यायचे. “पिवळा? पिवळा म्हणजे पास की हो!” हा विनोद दर वेळी. मग ते मागे जायचे, खुडबुड, ‘टक्’, आणि पडदा पांढरा. मग चहा. मग माझ्या घरातल्या सगळ्या खुर्च्यांची तपासणी.

संध्याकाळ झाली की मला घर खायला उठायचं. पुस्तक हातात धरवत नसे. या खोलीतून त्या खोलीत, गॅलरीत, परत. पडदा आज पिवळा होतो की नाही याकडे मी डोळे लावून बसू लागलो, आणि नाही झाला तर जरा चुकल्यासारखं वाटायचं.

एकदा ते मुलाकडे निघोज्याला राहायला म्हणून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

“एवढ्यात?”

“काय करायचं तिथं? नवा फ्लॅट. सगळं खटक्याचं, चिकटवलेलं. सून चांगली हाय, पोरगं चांगलं हाय. पण अख्ख्या घरात एक स्क्रू नाय, राव.” ते माझी कपाटाची कडी हलवून बघत होते. “बसून बसून माणूस किती बसणार?”

मेघनाचा धीर सुटत चालला होता. “बाबा, मी दिवाळीला येतेय. तोवर तो नीट चालला नाही तर नवा मॉनिटर घेऊनच येईन. हा भंगारात.” मी हे निकाळज्यांना सांगितलं. त्या दिवशी मागून दोनदा ‘टक्’ आलं.

दिवाळीला मेघना आली. सोबत खोका होता. संध्याकाळी मी तिला काही दाखवायला गेलो आणि पडदा पिवळा झाला.

“झालं!” ती म्हणाली आणि सरळ मॉनिटरच्या मागे वाकली. मी तिथे कधी वाकलो नव्हतो. ते निकाळज्यांचं खातं. “बाबा, ही केबल नुसती टेकवलीय. दोन्ही बाजूंचे स्क्रू सैल आहेत. एवढंच होतं! कुणी बसवली ही?”

मी पलीकडे जाऊन पाहिलं. टेबलाच्या पायांना पिवळे ठिपके होते. भिंतीवरच्या बोर्डाला होते. मॉनिटर ज्या पट्टीवर उभा आहे तिच्या चारही स्क्रूंना होते. केबलच्या दोन स्क्रूंना नव्हते.

मेघनाने बोटांत एक स्क्रू धरला होता.

“राहू दे,” मी म्हणालो.

“अहो, दोन पीळ द्यायचेत फक्त.”

“राहू दे. निकाळजे बघतील.”

तिने माझ्याकडे पाहिलं, टिकल्यांकडे पाहिलं, आणि स्क्रू सोडला. मी जिन्यात जाऊन वर हाक मारली, “निकाळजे, पिवळा झालाय!”

“आलो, आलो! हात लावू नका!” वरून आवाज आला, आणि लगेच चपलांचा.

ते मागे गेले, खुडबुडले, जिभेने ‘टक्’ केलं. पडदा पांढरा झाला. मेघना चहा टाकायला आत गेली आणि आतूनच तिने विचारलं, “काका, साखर किती?”

त्यांनी कुणासाठी ते स्क्रू तसे ठेवले, माझ्यासाठी की स्वतःसाठी, हे मी विचारलं नाही. जाताना मेघना खोका परत घेऊन गेली.

हे मी त्याच मॉनिटरवर लिहितो आहे. कडेला टिकल्या आहेत. केबलचे दोन स्क्रू सैल आहेत.