सकाळचं दुखणं, संध्याकाळचं दुखणं

आमच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी दगडूआण्णा कुणाचीही खुशाली दिवसातून दोनदा विचारत. सकाळी डेअरीत "कसं हाय?" म्हणून विचारलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा गाठून "आता कसं हाय?" दूध दोन वेळा मोजतात, मग माणसाला एकदाच विचारून कसं भागेल, असं त्यांचं म्हणणं. माझं लग्न ठरलं तेव्हा सकाळी त्यांनी विचारलं, "पोरगी पसंत हाय का?" मी हो म्हणालो. संध्याकाळी परत हजर. "आता?"

मी संस्थेत दुधाचं फॅट काढायचो. गाईचं साडेतीन, म्हशीचं सहा. हा हिशेब आण्णांच्या अंगात इतका मुरला होता, की पाहुण्यांकडं चहाला गेले तरी कपावरची साय बघून आकडा सांगत. वर तो बरोबर निघायचा, त्यामुळं त्यांना चहाला बोलवायला लोक कचरत.

त्यांच्या मंडळी, सोजरवहिनी, संधिवातानं सहा वर्षं झिजून गेल्या. शेवटी शेवटी सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते, "ह्या आजारावर संशोधन व्हायला पाहिजे. पण खेड्यातल्या रोग्यांची आम्हाला माहितीच मिळत नाही." दुसऱ्या कुणी मान हलवली असती आणि एसटी धरली असती. आण्णांनी ते काम आपल्यालाच सांगितलंय असं धरलं.

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. जनावरं छावणीत गेली, डेअरीत दूध येईना, कोरी रजिस्टरं पडून राहिली. वहिनींचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी आण्णांनी सायकलच्या हँडलला पत्र्याची पाटी बांधली: 'कै. सौ. सोजरबाई यांच्या स्मरणार्थ संधिवात संशोधन सायकल फेरी.' परंडा, भूम, ईट, वाशी करत शेवटी सोलापूर. सोबतीला मी. दूधच नव्हतं, तर फॅट कशाचं काढणार?

पाटी बघून लोकांना वाटायचं, सायकलचा खेळ आलाय. भूमच्या बाजारात एकानं विचारलं, "छातीवर ट्यूबलाइट कवा फोडणार?" कुणी भल्या मनानं खिशात हात घालायचा. आण्णा त्याचा हात धरायचे. "पैसा नगं. दुखणं सांगा." त्या वर्षी लोकांकडं द्यायला तेवढंच होतं, आणि ते मात्र सगळ्यांनी सढळ हातानं दिलं.

लिहायचं कशात? दुधाच्या रजिस्टरात. त्यात सकाळ आणि संध्याकाळचे खाने छापलेलेच. लिटरच्या खान्यात किती सांधे धरलेत ते, फॅटच्या खान्यात दुखणं दहापैकी किती ते. संध्याकाळी गावात पोचायचं, घरोघर विचारायचं, देवळात पथारी टाकायची आणि सकाळी तीच घरं परत. एकेका गावात दोन दोन दिवस मोडायचे. मी वैतागून म्हणालो, "आण्णा, दुखणं म्हणजे दुखणं. दोनदा कशाला?"

"येकदा इचारलं तर मानूस तोंडदेखलं सांगतंय," आण्णा म्हणाले.

वाशीजवळ रोजगार हमीच्या कामावर पारूबाई नावाची म्हातारी खडी फोडत होती. आण्णांनी तिचं मनगट बघितलं, गुडघे विचारले आणि मला मोठ्यानं सांगितलं, "लिव. फॅट सहा."

"सहा कुनाचं असतंय?" तिनं विचारलं.

मी पडलो भाबडा. "म्हशीचं," म्हणालो.

"आरं मुडद्या, मी म्हैस व्हय रं?" म्हातारीनं हातोडा उचलला. मी सायकलच्या आड गेलो. आण्णांनी शांतपणे सहाचं साडेपाच केलं, तेव्हा कुठं ती खाली बसली आणि आपण होऊन कंबरेचंही सांगू लागली.

वाशीच्या आधी लागलेलं ईट हे वहिनींचं माहेर. त्या वाटेवर आण्णा पायडल असं हळू मारत होते, की सायकल आता पडते की मग पडते. एकदम म्हणाले, "हिला एकदा म्हनलं व्हतं, चल, माहेराला सायकलवर डबलशीट नेतो. लाजली. म्हनली, लोक हसतील." दोन्ही बाजूंना उघडी काळी रानं. त्या माणसाची मला फार कीव आली आणि, खोटं कशाला सांगू, थोडा हेवाही वाटला. कुणाची तरी एवढी आठवण येण्यासारखा संसार मी करीन का, असं वाटलं.

सोलापुरात डॉक्टरांनी रजिस्टरं चाळली आणि ते खुर्चीत सरसावून बसले. "अहो, हे फार कामाचं आहे! सकाळी सांधे जास्त आखडतात, संध्याकाळी थोडे सुटतात. इतक्या गावांतून, दोन्ही वेळांचं. दोनदा विचारायचं हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हशीनं," आण्णा म्हणाले. ते इतके खूश मी कधी बघितले नव्हते.

सगळ्यात खालचं रजिस्टर जुनं होतं. ते वहिनींचं. सहा वर्षं, रोजचं. त्यांच्या हयातीत आण्णा हे लिहीत होते, हे मलाही ठाऊक नव्हतं. डॉक्टर पानं उलटत थांबले. "सकाळचं दुखणं सहा, सात, आठ. संध्याकाळी मात्र रोज शून्य? बाकी शंभर माणसांत शून्य कुणाचंच नाही."

आण्णा पानाकडं बघत राहिले.

"डेअरी बंद करून घरी गेलो, की इचारायचो," ते हळूच म्हणाले. "म्हनायची, तुमी आलाव न्हवं, आता काय बी दुखत न्हाय. मी शून्य मांडायचो. मला वाटायचं, खरंच उतरतंय."

मग त्यांनी रजिस्टर पहिल्या पानावर आणलं. "डाक्टर, तेवढं संशोधनात धरू नगा. ते खरं न्हाय."

डॉक्टरांनी आपलं पेन पुढं केलं. आण्णांनी ते घेतलं, पहिल्या पानावरच्या पहिल्या शून्याजवळ नेलं, आणि तसंच धरून बसले. मग पेन परत दिलं.

"तुमीच खोडा," ते म्हणाले. "माझ्या हातानं व्हत न्हाय."