कळी मोजत नाहीत

"रविवारी येतो," असा इनायतुल्ला चाचांचा अकोल्याहून फोन आला, तेव्हा प्राजक्ता अंगणात उभी राहून एका गुलाबाला दम देत होती. गुलाब तिच्यापेक्षा वीतभर उंच झाला होता आणि त्याला एकही कळी नव्हती.

"चाचा, अजून आठवडाभर थांबा ना."

"सूर्यभान थांबला असता का? संक्रांतीनंतरचा पहिला रविवार म्हंजे पहिला रविवार. माहं झाड तयार आहे, बेटा. तुह्या बापाचं आहे ना?"

"आहे ना," प्राजक्ता म्हणाली. झाड होतं. खोटं काहीच नव्हतं.

प्राजक्ताचे वडील सूर्यभानजी आणि इनायतुल्ला, दोघेही वीजमंडळातले लाइनमन. उभी हयात त्यांनी एकाच खांबावर चढून भांडण्यात घालवली होती. नोकरी संपल्यावर एक अमरावतीत राहिला, दुसरा अकोल्याला गेला. खांब सुटला, भांडण सुटेना, म्हणून त्यांनी गुलाब धरला. वऱ्हाडातल्या उन्हात आणि वऱ्हाडातल्या पाण्यावर घरच्या कुंडीत कोणता गुलाब टिकतो, हा वाद. चाचा गावठी गुलाबाचे. फूल लहान, पाकळ्या पसरट, पण झाड मे महिन्यातही तोंड पाडत नाही. सूर्यभानजी डबल डिलाइटवर फिदा. दुधासारखी पाकळी, तिला लाल काठ, वास असा की फाटकाबाहेरचा माणूस सायकल थांबवेल. शिवाय ग्लॅडिएटर जातीचा गुलाब दोघांकडेही होता. तो दोन्ही गावांत सारखाच फुलायचा, त्यामुळे त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

नियम साधा होता. ठरलेल्या रविवारी ज्याच्या कुंडीत उमललेली फुलं जास्त, तो जिंकला. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊ घालायची. डबल डिलाइट डिसेंबरात दृष्ट लागावी असा फुलायचा आणि संक्रांत आली की रुसून बसायचा. पानांवर काळे ठिपके, कळ्यांत किडे. त्यामुळे रोडगे दर साली अमरावतीतच भाजले जात. गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यात नेताना सूर्यभानजी ऑटोत बसता बसता म्हणाले होते, "यंदा अकोल्याले जाऊन रोडगे खाऊ. झाडानं मनावर घेतलंय."

ते परत आले नाहीत. झाडाने मनावर घेतलं की नाही ते माहीत नाही, प्राजक्ताने मात्र घेतलं.

ती कॉलेजात ग्रंथपाल. गुलाबावरची जेवढी पुस्तकं मिळाली तेवढी तिने वाचून काढली. बरीचशी विलायतेत लिहिलेली होती आणि बर्फ वितळल्यावर छाटणी करा असं सांगत होती. अमरावतीत बर्फ रसवंतीवर सोडून कुठे दिसत नाही, तेव्हा तिने कोजागिरीचा मुहूर्त धरला. निरोगी काडीपर्यंत निर्भयपणे कापा, असं सगळ्या पुस्तकांचं मत होतं. बाबांच्या झाडाला बुंध्याजवळ काळी टेप गुंडाळलेली होती, विजेच्या तारेला गुंडाळतात ती. म्हणजे फांदी तिथे मोडलेली असणार आणि बाबांनी सवयीने जोड मारला असणार. प्राजक्ताने मन घट्ट केलं आणि टेपच्या खाली, निर्भयपणे कापलं. कापलेल्या काड्या आईने, शकुनबाईंनी, उचलून नेल्या.

त्यानंतर झाड जे सुटलं, ते सुटलंच. सरकीच्या ढेपेचं पाणी प्यायलं, शेणखत खाल्लं, गच्चीच्या दिशेने निघालं. ठिपका नाही, कीड नाही. प्राजक्ता रोज बाबांच्या फोटोला मनातल्या मनात अहवाल द्यायची. फुलांचा रकाना तेवढा रिकामा होता.

फोन ठेवून तिने स्कूटी काढली आणि बडनेरा रोडवरच्या देवमनच्या नर्सरीत गेली.

"डबल डिलाइट आहे का, फुलावर आलेला?"

"नाही ताई. ग्लॅडिएटर घेऊन जा, भरला आहे नुसता."

"ग्लॅडिएटर नको. आमच्या झाडाले फूल पाहिजे, परवापर्यंत."

देवमनने पाइपचं पाणी बंद केलं. "झाड आहे, फूल पाहिजे. मंग माह्याकडं कावून आल्या? फुलवाल्याकडं जा ना."

तो गंमत करत होता. प्राजक्ता गंमत ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. ती सरळ फुलवाल्याकडे गेली. त्याच्याकडे लाल काठाचा गुलाब नव्हता, पांढरा होता. तिने पांढरे घेतले. घरी येऊन महालक्ष्म्यांच्या वेळी आणलेली आलत्याची बाटली शोधली, कापसाची वात भिजवली आणि एकेका पाकळीला काठ काढायला बसली.

"काय करून राहिली व?" शकुनबाईंनी विचारलं.

"बाबांले जिकवून राहिली."

शकुनबाईंनी तिच्या रंगलेल्या बोटांकडे पाहिलं. "काठ जरा बारीक काढ," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

रविवारी उजाडताच प्राजक्ताने हिरव्या दोऱ्याने फुलं त्या उंच झाडाला बांधली. लांबून पाहिलं. बरं दिसत होतं. मग तिला वासाची आठवण झाली. डबल डिलाइट वासाशिवाय म्हणजे काहीच नाही. बाबांच्या कपाटात गुलाबाच्या अत्तराची एक कुपी होती. तिने प्रत्येक फुलाला अत्तर लावलं, आणि घाईत दोन फुलांना दोनदा लावलं.

ती अंघोळीला गेली, तेवढ्यात शेजारच्या कौशल्याकाकू परडी घेऊन आल्या. शेजारच्या अंगणातली फुलं पूजेला तोडायला विचारावं लागतं, ही कल्पना त्या गल्लीत अजून कोणाच्या डोक्यात आलेली नव्हती. फाटक वाजलं ते प्राजक्ताने ऐकलं. पण डोक्याला शिकेकाई लागलेली होती.

ती ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा कौशल्याकाकू परडीसकट परत आल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात लालभडक झाला होता.

"प्राजक्ता, हे कोन्तं फूल आहे व? माह्या देवाचा नवा पिवळा झगा लाल झाला. अन् याले दोरा कावून आहे?"

"काकू, हळू बोला."

"अन् वास तं असा मारून राह्यला जसं लग्नाची वरात चालली."

"काकू, तुमच्या पाया पडते. आत बसा."

काकू आत बसायच्या आधीच फाटकाशी ऑटो थांबला. बडनेरा स्टेशनाहून आलेले इनायतुल्ला चाचा उतरले. पांढरा कुडता, टोपी, आणि दोन्ही हातांनी धरलेली एक बादली. बादलीवर ओलं फडकं झाकलेलं होतं.

"सलाम भाभी," ते दारात आलेल्या शकुनबाईंना म्हणाले. "प्राजक्ता बेटा, कुठी आहे आपला पैलवान?"

पैलवान समोरच उभा होता. चाचांनी बादली खाली ठेवली, चष्मा पुसला आणि झाडाभोवती एक फेरी मारली. एक फूल नाकाशी ओढलं.

"मस्त वास आहे," ते म्हणाले. "खालिस. हे अत्तर मीच सूर्यभानले दिलं होतं, मागच्या ईदले."

चाचांनी नाकाला हात लावला आणि नाकालाही लाल काठ आला. कौशल्याकाकूंनी आपला हात पदराखाली घेतला, तर पदर रंगला.

प्राजक्ताला वाटलं, आता जमीन दुभंगली तरी चालेल. पण वऱ्हाडातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. जानेवारीत दुभंगत नाही.

"चाचा, माफ करा," ती म्हणाली. "फुलं बाजारातली आहेत. झाडाले एकही आलं नाही. बाबांले एक डाव तरी जिकवायचं होतं मले."

"असं," चाचा म्हणाले. ते खूश झालेले दिसत नव्हते. उलट वैतागलेले दिसत होते. "मंग आता माहं काय करू?" त्यांनी बादलीवरचं फडकं काढलं.

आत गावठी गुलाब होता. पानं हिरवीगार आणि फूल एकही नाही.

प्राजक्ता वाकून पाहायला लागली. प्रत्येक फांदीचं टोक कापलेलं होतं. काप ताजे होते. "चाचा, या कळ्या कोणी खुडल्या?"

"बकरीनं."

"बकरीनं कात्रीनं खुडल्या?"

"अकोल्याची बकरी आहे. काही भी करू शकते." चाचांनी नाक पुसायला खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर गुलाबी कळ्या भळाभळा अंगणात सांडल्या. टाकून देववल्या नव्हत्या म्हाताऱ्याला.

"हाजराबीनं, तुह्या चाचीनं, सांगतलं होतं, पोरीसमोर जिकून येऊ नका म्हणून," चाचा कळ्या वेचत पुटपुटले. "पहाटे उठून कापल्या. मी हरायले आलो होतो अन् तू मले हरू बी देऊन नाही राह्यली."

शकुनबाई तोंडाला पदर लावून परसाकडे वळल्या. तिथून आधीच धूर येत होता.

"आई, गोवऱ्या कशाले पेटवल्या?"

"रोडग्याले. तुह्या बापानं कोन्त्या साली जिकलं होतं? मी सकाळीच कणीक मळून ठेवली."

तोवर चाचांनी त्या उंच झाडाची फांदी ओढून पानं मोजायला घेतली होती. एका देठावर सात. दुसऱ्यावरही सात. "बेटा, याची टेप कुठी गेली? बुडाशी काळी टेप होती ना?"

"त्याच्या खाली कापलं मी. तिथं फांदी मोडली होती."

"मोडली नव्हती. तिथं कलमाचा डोळा भरला होता. खाली सात पानांचा जंगली खुंट, वर पाच पानांचा डबल डिलाइट. सूर्यभान डोळा बांधायले दुसरी पट्टी वापरतच नव्हता, मंडळाची टेप लागे त्याले." चाचांनी कपाळाला हात लावला. "तू वरचा सारा गुलाब कापला अन् खालच्या खुंटाले ढेप चारली."

म्हणजे बाबांच्या कुंडीत, बाबांचं खत खाऊन, तिने चाचांच्या बाजूचा जंगली गुलाब गच्चीपर्यंत चढवला होता. प्राजक्ता ओट्यावर बसली. सगळ्या पुस्तकांनी सांगितलेला तो निर्भयपणा तिला आठवला. डोळे भरून आले, पण रडू काही आलं नाही. वाट पाहून तिने ते सोडून दिलं.

"मंग त्या काड्या?" तिने एकाएकी विचारलं. "आई, कापलेल्या काड्या टाकल्या का तू?"

"मी कशाले टाकू? ओव्याच्या पानाच्या डब्यात खोसल्या, टाकीमागं. तुले वाटलं टाकायले कापल्या, मले वाटलं लावायलेच कापल्या."

टाकीमागे तेलाच्या जुन्या डब्यात, ओव्याच्या लठ्ठ पानांच्या गर्दीत, एक काडी जगली होती. तिला काळी टेप तशीच होती. टेपच्या वर एक फुटवा, फुटव्याला पाचपाच पानं, आणि टोकाला एक कळी. कळीचं तोंड नुकतं सुटलं होतं. आत दुधाचा रंग होता आणि कडेला लालीची बारीक रेघ. आलत्याची नव्हती.

प्राजक्ताने डबा दोन्ही हातांनी उचलून अंगणात आणला. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली घेतला, पुन्हा चढवला. मग ते टेपकडे वळले. एक बोट त्यांनी टेपवरून फिरवलं. "पक्का जोड मारला," ते स्वतःशीच म्हणाले.

"एक विरुद्ध शून्य," प्राजक्ता म्हणाली. "चाचा, रोडगे अकोल्याले."

चाचांचा हात टेपवरून निघाला. "एक कशाचं? हे कळी आहे. कळी मोजत नाहीत. उमललेलं फूल मोजतात. नियम म्हंजे नियम."

"तुम्ही तर हरायले आले होते."

"तू बिचारी होती तवा. आता तू बिचारी कुठी राह्यली? आता तू सूर्यभानसारखी बोलून राह्यली."

"रविवार संध्याकाळपर्यंत असतो."

"असू दे. नाही उमलत."

प्राजक्ताने डबा उचलला आणि उन्हात ठेवला. ती रोडग्यांकडे पाहायला परसात गेली आणि परत आली, तर डबा जांभळाच्या झाडाच्या सावलीत होता आणि चाचा आकाशाकडे पाहत होते. तिने तो पुन्हा उन्हात ठेवला. चाचांनी हाजराबींना फोन लावला. "ऐकून राहिली का? मले उशीर होईल. नाही, तब्येत बरी आहे. इथं बेइमानी चालू आहे, नजर ठेवा लागते."

"भाऊ, वांग्याच्या भाजीत तिखट किती टाकू?" शकुनबाईंनी आतून विचारलं.

"सूर्यभानले लागे तेवढं," चाचा म्हणाले, आणि खुर्ची बोलण्याच्या ओघात सरकवत सरकवत अशी आणून बसले की त्यांची सावली बरोबर कळीवर पडावी.